माय कुलपापुढे थांबली

मंडळी, हात जोडा, डोळे मिटा आणि नाझरेथच्या त्या माउलीचं नाव घ्या... घेतलं? आता डोळे उघडा! डोळे मिटून कीर्तन ऐकणाऱ्यांचा मला फार अनुभव आहे. पहिल्या अभंगाला भक्ती, दुसऱ्याला घोरणं!

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. सोपा आहे. केळ वाढली हे कशावरून कळतं? — घड लागला की. बरोबर. पोरगं वाढलं हे कशावरून कळतं? — गेल्या ईस्टरचा सदरा पोटाच्या वर आला की. हेही बरोबर. मग सांगा, माणसाची श्रद्धा वाढली हे कशावरून कळतं?

का हो? गप्प का?

कुणीतरी पुटपुटलं, मी ऐकलं — 'मिस्सेवरून.' बरं! चाळीस वर्षं मी एका गृहस्थाला रविवारी देवळात मिस्सेला येताना बघतोय. चाळीस वर्षं तोच बाक, तीच खिडकी. आणि शांतीची खूण करायची वेळ आली की उजवीकडच्याला हसून नमस्कार, डावीकडचा जणू खांब! वाढला काय हो तो? त्याचं पोट वाढलं, ते मी नाकारत नाही.

दुसरं कोण म्हणतं — 'उपवासांवरून.' अहो, उपवासाच्या शुक्रवारी आमच्याकडे मटण बंद म्हणून कोलंबी, सुरमई आणि वर खेकडे करतात! तो उपवास बघून कोंबड्या तेवढ्या देवाचे आभार मानतात.

म्हणजे माप काही सापडत नाही. फूटपट्टी लावावी तर कुठं लावावी? म्हणून एक आख्यान ऐका. ऐका, आणि मग तुमचं तुम्ही माप घ्या.

वसईच्या पट्ट्यातली एक वाडी. नाव सांगतो पाणवाडी. शोधायला जाल तर सापडायची नाही, नाव मी बदललंय. बदललं नाही तर उद्या सकाळी अख्खी वाडी माझ्या दारात! घरं एकतीस. ऑक्टोबर म्हणजे माळेचा महिना, त्याचेही दिवस एकतीस. देवानं जणू मोजूनच वाडी वसवली! ऑक्टोबरभर फातिमामातेची, म्हणजे त्या नाझरेथच्या माउलीचीच, मूर्ती घरोघर जायची. एका घरी एक दिवस मुक्काम. संध्याकाळी सातला वाडी जमायची, मेणबत्त्या घ्यायची, आणि माय या घरातून त्या घरात.

त्यातही रीत होती बरं का. मूर्ती न्यायची ती घरच्या बाईनं, स्वतःच्या हातांनी. वाटेत हात बदलायचा नाही. पुढच्या घरच्या बाईच्या हातात ती उंबऱ्यावरून द्यायची. आणि द्यायची म्हणजे टाकून पळायचं नाही! आत जायचं, गुडघे टेकायचे, माळेची रहस्यं पाच, दहा-दहा मण्यांची, त्यातलं पहिलं तिनंच म्हणायचं, तेही मोठ्यानं, आपली मागणी सांगून. आणि एक — उंबऱ्याबाहेर पडलेली माय माघारी न्यायची नाही. पुढेच जायचं.

ही सगळी व्यवस्था बघायची अपोलीनबाई. वय अठ्ठावन्न. पाठ ताठ, पदर नीट, आवाज असा की देवळातला माइक बिघडला तरी चालेल. यादी ती करायची, मेणबत्त्या ती आणायची, कोण आलं, कोण नाही, ते तिच्या डोळ्यांत नोंदलेलं. दिवसाला तीन माळा! सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी ओट्यावर बसून एक. आणि माळ हातात असली की तिच्याशी बोलायचं नाही. कुणी फाटकाशी आलं तर ती मान वळवायची नाही. तळहात तेवढा वर करायची — असा! म्हणजे 'थांब.'

नवरा बस्त्याव. साधा माणूस. लोक म्हणायचे, 'काय बस्त्याव, बायको तर अर्धी स्वर्गात पोचली!' तो म्हणायचा, 'हो ना. म्हणून तर जेवण कधी कधी मलाच वाढून घ्यावं लागतं.'

आता बस्त्यावच्या घराला लागून त्याच्या धाकट्या भावाचं घर, इनासचं. मधे जास्वंदीचं कुंपण. मागे दोघांचं मिळून एक बावखल, शिंपण्याचं पाणी त्यातलंच. इनासची बायको उर्सूला. म्हणजे अपोलीनची धाकटी जाऊ. ही कशी? केसाला तेल असलं तर असलं. मिस्सेला येणार, पण उपदेश निम्मा झाल्यावर! का उशीर? — कुणाची गाय अडली होती, कुणाच्या पोराला ताप होता. वाडीत कुणाला काटा टोचला तरी पाय उर्सूलाच्या मांडीवर.

मंडळी, या दोन जावा सात वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या!

सात! आणि बायका बोलत नाहीत म्हणजे पुरुष बोलू शकतात काय? सांगा बघू? दोघे सख्खे भाऊ, पण एक पहाटे बावखलावर जायचा, दुसरा दुपारी चारला. वाटेत गाठ पडली तर इनास आकाशाकडे बघायचा आणि बस्त्याव केळीकडे. एका आईचं दूध प्यालेले! बस्त्याव कधी कधी रात्री जेवताना कुंपणापलीकडून इनासचं खोकणं ऐकायचा आणि हातातला घास तसाच ठेवायचा. बायकोला काही बोलायचा नाही. काय बोलणार? ती माळ म्हणत असायची.

झालं काय होतं? सांगतो. त्यांची सासू, कतरीनआई, अंथरुणाला खिळली होती. राहायची धाकटीकडे. एका संध्याकाळी म्हातारीचा श्वास वर लागला. उर्सूला कुंपणाशी धावली, 'जाऊबाई, आई कसंतरी करतायत, लवकर या!' अपोलीन ओट्यावर, हातात माळ. तळहात वर. थांब! उर्सूला परत आत पळाली. आणि अपोलीन माळ संपवून, क्रूस कपाळाला लावून, पदर सारखा करून कुंपणाच्या पलीकडे गेली, तेव्हा म्हातारी गेली होती.

प्रेत अंगणात असताना, चार माणसांत, उर्सूला बोलली. दुःखात माणूस मोजून बोलत नाही. म्हणाली, 'हिनं मला हात दाखवला. थांब म्हणाली. मरण थांबतं काय गे तुझ्या माळेसाठी?'

अपोलीन काय म्हणाली? 'मला ऐकूच आलं नाही! माशी उडवली असेन. देवाचं नाव घेणारीवर आळ घेतेस?'

झालं! एक म्हणते हात दाखवलास, दुसरी म्हणते ऐकू आलं नाही. वाडीनं काय केलं? वाडी नेहमी करते तेच — दोन्हीकडे मान हलवली आणि दोन्हीकडे चहा प्याली.

त्या दिवसापासून अपोलीनची दिवसाला एक माळ होती, तिथं तीन झाल्या. मंडळी, इथे जरा थांबा. देवावर प्रेम वाढलं म्हणून तीन झाल्या, की उर्सूलाला उत्तर द्यायला? मी काही म्हणत नाही. पण सात वर्षं त्या माळेतली एक मागणी ठरलेली — 'हे माउली, माझ्या जावेला सद्बुद्धी दे.' सद्बुद्धी नेहमी दुसऱ्यालाच लागते, हे बघितलंत ना? स्वतःसाठी कुणी मागत नाही. स्वतःकडे भरपूर आहे!

आता अडचण काय आली? यादी! सरळ घरानं घर गेलं तर अपोलीननंतर कुणाचा उंबरा? उर्सूलाचा! मग तिच्या दारात जायचं? तिच्या हातात माय द्यायची? तिच्या जमिनीवर गुडघे टेकायचे? छे! अपोलीननं काय करावं? स्वतःच्या आणि उर्सूलाच्या नावामधे रस्त्यापलीकडचं एक घर घातलं. माय अपोलीनकडून पलीकडे, पलीकडून परत उर्सूलाकडे. एक उडी.

पण एकच उडी दिसली असती तर लोक म्हणाले असते, ओहो! म्हणून तिनं यादीत आणखी सहा उड्या घातल्या. एक लपवायला सहा! माउली बिचारी ऑक्टोबरभर रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर, बेडकासारखी! लोक मेणबत्त्या घेऊन मागं पळतायत. बस्त्याव म्हणायचा, 'बाळ येशूला घेऊन मिसरला पळताना तरी हिला एवढं फिरवलं नसेल.' आणि गंमत अशी, की सगळ्या वाडीला कारण ठाऊक होतं. फक्त अपोलीनला वाटत होतं, की कुणाला ठाऊक नाही!

हसता काय? आपापल्या उड्या आठवा!

पेटीवाले, एक सूर द्या. म्हणा माझ्यामागून —

चालून ये कोस । हजार हा भक्त ।
उंबरा तो फक्त । ओलांडेना ॥

बरं. सातव्या वर्षीची यादी झाली. बारा तारखेला माय अपोलीनकडे. तेरा तारखेला, खुद्द फातिमामातेच्या दिवशी, रस्त्यापलीकडे पेद्रूकडे. पेद्रू आणि त्याची बायको रेजीन, दोघं म्हातारी, पोरं कुवेतला. चौदाला उर्सूलाकडे. सगळं बेमालूम!

तेराची संध्याकाळ. गुरुवार. चाळीस माणसं, चाळीस मेणबत्त्या. अपोलीन पुढे, हातात माय, मागे बस्त्याव गॅसबत्ती घेऊन. गाणं म्हणत निघाले, उर्सूलाच्या फाटकावरून गेले. अपोलीनची मान सरळ! रस्ता ओलांडला, पेद्रूच्या ओट्यावर चढले, आणि —

कुलूप!

हे एवढं पितळी कुलूप! ओट्यावर पाचोळा. गाणं आपोआप बंद पडलं. मागचे अजून ओरडतायत, पुढचे गप्प.

बस्त्याव म्हणाला, 'अगं, यादीत नाव आहे ना पेद्रूचं?'

'आहे! तेराला पेद्रू. मी स्वतः लिहिलंय!'

मंडळी, यादीत आहे! यादीत माणूस असला म्हणजे तो घरात असतो, असा काही लोकांचा समज असतो.

मागून क्लारा पुढे आली, पेद्रूची शेजारीण. तरुण बाई, कडेवर पोर. म्हणाली, 'मावशी, रेजीनकाकी हॉस्पिटलात आहे ना. सोमवारपासून. पेद्रूकाका तिथंच असतात. मला वाटलं, किल्ली तुमच्याकडे दिली असेल.'

'सोमवारपासून? आणि मला कुणी सांगितलं नाही?' अपोलीन कडाडली. 'वाडीत एवढं होतं आणि मला सांगायला कुणाला तोंड नव्हतं?'

क्लारानं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं. 'आलते मी, मावशी.'

'कधी आलतीस?'

'सोमवारी संध्याकाळीच. रेजीनकाकीला श्वास लागला होता. रिक्षात बरोबर बसायला बाईमाणूस पाहिजे होतं, माझं पोर अंगावरचं. तुमच्या फाटकाशी आले. तुम्ही माळ म्हणत होतात. तुम्ही... हात केलात.'

'मग?'

'मग मी थांबले. ते रहस्य संपलं. तुम्ही दुसरं सुरू केलंत. मग मी उर्सूलाकाकीकडे गेले. तिनं गॅस बंद केला आणि चप्पल न घालता रिक्षात बसली.'

मेणबत्तीचं मेण बोटांवर गळत होतं, तरी कुणी बोट हलवेना.

आणि मंडळी, एक गोष्ट मी तुम्हाला सांगतो, जी त्या ओट्यावर फक्त अपोलीनला आणि तिच्या हातातल्या माउलीला ठाऊक होती. त्या सोमवारच्या माळेला तिची मागणी काय होती? — 'वाडीतल्या सगळ्या आजाऱ्यांसाठी!'

सगळ्या! एका आजारी बाईची हाक फाटकाशी आली होती, तिला हात दाखवला — थांब, मी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतेय!

तिला रिक्षा दिसली असेल का हो त्या कुलपात? की सात वर्षांपूर्वीचं कुंपण दिसलं? लोकांना वाटत होतं ती कुलपाकडे बघतेय. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. मूर्तीखाली होता तो हात.

आता करायचं काय? माय माघारी न्यायची नाही. पुढचं घर उर्सूलाचं. चाळीस माणसं, आणि चाळीसही जणांना ठाऊक, की पुढचं घर कुणाचं. आणि चाळीसही जण रस्त्याकडे बघतायत!

एक शहाणा म्हणाला, 'आजच्या दिवस वाडीच्या क्रुसापाशी ठेवू या माउलीला. तिथं माळ म्हणू. उद्या सरळ उर्सूलाकडे, परस्पर.'

काय सुंदर तोडगा! रीतही मोडत नाही, नाकही राहतं. दुसरी बाई म्हणाली, 'नाहीतर क्लारा नेईल. आजच्या दिवस चालतंय.' देव माणसाला एक दार उघडतो तेव्हा शेजारी लगेच चार पळवाटा दाखवतात! प्रेमानंच दाखवतात!

बस्त्यावनं गॅसबत्ती जरा वर धरली. आणि तो बायकोच्या तोंडाकडे असा बघत होता, की त्याचं सगळं म्हातारपण त्या तोंडावर टांगलंय. कारण त्याला कळत होतं — आज, माय हातात असताना, चाळीस माणसांसमोर ही वळली, तर मग वळलीच. मग भावाचं खोकणं कुंपणापलीकडून मरेपर्यंत ऐकायचं.

अपोलीन म्हणाली, 'नको.'

'काय नको?'

'क्रूस नको. चला.'

आणि निघाली. रस्त्यापलीकडे चाळीस पावलं. म्हणाल, चाळीस पावलं म्हणजे काय? मंडळी, वेलांकणीच्या यात्रेला चालत गेलेले लोक इथं बसलेत. त्यांना विचारा, कुठली वाट लांब!

उर्सूलाचं घर. दार उघडंच. इनास बनियनवर बसला होता, एवढी माणसं बघून उठला आणि सदरा शोधायला लागला. सापडला तो घातला, बटणं एक खाली एक वर. आतून उर्सूला आली. हातात डाव, कपाळावर घाम. दारात माय. मायच्या मागं जाऊ.

सात वर्षांनी समोरासमोर! काय बोलली असेल हो अपोलीन? 'क्षमा कर'? 'चुकले'? नाटकात तसं बोलतात. अपोलीन म्हणाली —

'पेद्रूकडे कुलूप आहे.'

झालं! सात वर्षं, दिवसाला तीन माळा, आणि पहिलं वाक्य हे!

उर्सूला म्हणाली, 'असणारच. किल्ली माझ्याकडे आहे.'

'मला ठाऊक नव्हतं.'

'आमची पाळी उद्या आहे,' उर्सूला म्हणाली. 'घर आवरलेलं नाही. फुलं नाहीत. देवाच्या अल्तारावर अजून गेल्या महिन्याचं कॅलेंडर आहे. आणि माझ्या हातांना पेजेचा वास येतोय. रेजीनचा डबा भरतेय.'

इथं बस्त्याव बोलला! सात वर्षांत त्या दारात पहिल्यांदा. म्हणाला, 'मग काय झालं गं उर्सू? नाझरेथला तरी रोज काय सणाचे फुगे तळत होते? पेजच असणार.'

कुणीतरी हसलं. इनासही हसला, आणि भावानं बघितलं म्हणून खोकला.

उर्सूलानं डाव इनासच्या हातात दिला. हात पदराला पुसले, एकदा, दोनदा. आणि उंबऱ्यावरून पुढे केले. मूर्ती दिली, मूर्ती घेतली. चार हात एकदम मूर्तीखाली, क्षणभर. मग उर्सूला आत गेली, इकडे तिकडे बघितलं, आणि माय सरळ स्वयंपाकाच्या टेबलावर ठेवली, पेजेच्या डब्याशेजारी. दुसरी जागाच नव्हती. माउलीनं काही तक्रार केली नाही, माझ्या ऐकिवात तरी नाही.

चाळीस माणसं मावली कशीबशी. निम्मी अंगणात. अपोलीननं गुडघे टेकले. आता पहिलं रहस्य तिचं. आधी मागणी. सगळे वाट बघतायत. अपोलीननं तोंड उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. ज्या बाईचा आवाज माइकशिवाय देवळाच्या घंटेपर्यंत जायचा, तिच्या तोंडून एक अक्षर नाही!

मग म्हणाली, 'ही मागणी माझ्या सासूच्या आत्म्यासाठी.' थांबली. 'आणि एक सांगायचंय. त्या दिवशी उर्सूनं हाक मारली, ती मला ऐकू आली होती. आई कसंतरी करतायत, लवकर या — सगळं ऐकू आलं होतं. माझं चौथं रहस्य चाललं होतं. वाटलं, एवढं संपवावं. मग वाटलं, एकच तर उरलंय. सात वर्षं सांगत आले, ऐकू आलं नाही म्हणून. ते खोटं होतं.'

मंडळी, पापनिवेदनाच्या पिंजऱ्यात फादरच्या कानात सांगणं अवघडच असतं. ही वाडीच्या चाळीस कानांत... चाळीस कसले, ऐंशी कानांत बोलली!

उर्सूला टेबलाशी उभी होती. म्हणाली, 'मला ठाऊक होतं.'

आणि तीही खाली बसली, जावेच्या समोर, जमिनीवर. म्हणाली, 'पण तुला एक ठाऊक नाही, जाऊबाई. मी आत पळाले तेव्हा आईंनी विचारलं, अपोलीन कुठाय? मी म्हटलं, माळ म्हणतेय. रागानं म्हटलं. तर त्या म्हणाल्या — म्हणू दे. माझ्यासाठीच म्हणत असेल. — एवढं बोलल्या आणि गेल्या.'

अपोलीननं तोंडावर पदर घेतला.

'सात वर्षं मी हे पोटात ठेवलं,' उर्सूला म्हणाली. 'तुला सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. मला तुला बरं वाटू द्यायचं नव्हतं.'

ऐकलंत? सगळ्या वाडीचे काटे काढणारी उर्सूला, आणि एक काटा स्वतः जपून ठेवलेला! मी मघाशी उर्सूलाची स्तुती केली तेव्हा तुमच्यातल्या काही जणी खूश झाल्या होत्या, मी बघितलं. 'आम्ही माळ कमी म्हणतो, पण सेवा करतो!' अगं बायांनो, सेवेच्या पदराखालीही सात वर्षांचं विष मावतं! माळवाली आणि सेवावाली, दोघी त्या एकाच टेबलाच्या पायाशी बसल्या होत्या रडत. वर माय आणि पेज.

मग पहिलं रहस्य कुणी सुरू करायचं? दोघींना आवाज नाही. तेव्हा मागून एक घोगरा, बेसूर आवाज आला — 'हे आमच्या स्वर्गातील...' बस्त्याव! आयुष्यात कधी आघाडीला न म्हणालेला बस्त्याव! अर्ध्यावर अडखळला. तेव्हा दुसरा तसाच बेसूर आवाज त्याला येऊन मिळाला. तो इनासचा. भाऊच ते! बेसूरपणासुद्धा एकाच घरातला!

दहा 'नमो मरिये' झाल्या. पहिलं रहस्य संपलं. आणि अपोलीन उठली.

माळ अर्धवट! चार रहस्यं बाकी! लोक बघतच राहिले. तिनं टेबलावरचा डबा उचलला, झाकण दाबून बघितलं आणि उर्सूलाला विचारलं, 'कुठला वॉर्ड?'

'दुसरा मजला. पण मी जाते गं, माळ झाली की...'

'पेज गार होईल. माझं रहस्य झालं. उरलेली चार तुम्ही म्हणा.' आणि क्लाराला म्हणाली, 'रिक्षा बघ गो.'

गेली!

हॉस्पिटलात रेजीन उशीला टेकून बसली होती. बाजूला पेद्रू खुर्चीत पेंगत होता. दारात अपोलीनला बघून रेजीन घाबरलीच. वाटलं, आपलं काही खरं नाही, शेवटच्या प्रार्थनेला आली! म्हणाली, 'अगो, तू? या वेळेला? आज माळ नाही काय?'

अपोलीननं डबा उघडला, चमचा पुसला. म्हणाली, 'चालू आहे. तोंड उघड.'

मंडळी! 'चालू आहे. तोंड उघड!' — अठ्ठावन्न वर्षांच्या बाईची श्रद्धा त्या एका चमच्याएवढी वाढली. मी मोजलीय. तिच्या आधीच्या सात वर्षांच्या माळांची बेरीज करा आणि या चमच्याशेजारी ठेवा.

आता कुणी घरी जाऊन असं सांगू नका, की बुवा म्हणाले, माळ सोडा! खबरदार! अहो, त्या उंबऱ्यापर्यंत तिला नेलं कुणी? मायनं! माळेशिवाय ती बाहेर पडलीच नसती, आणि बाहेर पडली नसती तर कुलूप दिसलं नसतं. माळ म्हणा. दुप्पट म्हणा! अपोलीन अजून दिवसाला तीन म्हणते. फक्त आता ओट्यावर नाही, फाटकाशी खुर्ची टाकून म्हणते. कुणी आलं की मणी बोटात धरून विचारते, 'काय गो?' आणि परत येऊन त्याच मण्यापासून सुरू. मणी कुठं जात नाही, मंडळी. मणी थांबतो! थांबत नाही तो माणूस.

मुखी नाम घेता । कान ठेवी दारी ।
देव हाक मारी । शेजारून ॥

मोठ्यानं! 'देव हाक मारी शेजारून!' हां, असं!

तर प्रश्न होता, श्रद्धा वाढली हे कशावरून कळतं? उत्तर मी देत नाही, तुम्ही द्या. गेल्या वर्षी ज्या दारात तुमचं पाऊल जात नव्हतं, त्या दारात यंदा गेलं का? गेलं असेल तर वाढलात. नसेल गेलं, तर मिस्सा झाल्या, उपवास झाले, नऊ दिवसांच्या नोव्हेना झाल्या, आणि तुम्ही आहात तेवढेच आहात. देव सगळं ऐकतो हो! पण 'माझ्या जावेला सद्बुद्धी दे' हे सात वर्षं ऐकून त्यालाही कधी जांभई येत असेल.

इथून पुढे आरती असते, प्रसाद असतो. असणारच आहे. पण पेटीवाले, हात काढा जरा पेटीवरून. मी आता पाच मिनिटं गप्प बसतो. वाजलेत आठ, कुणी झोपलेलं नाही, दारं उघडी आहेत. इथं बसलेल्यांपैकी प्रत्येकाला एक घर आठवतंय. मला तोंडं दिसतायत, नाही म्हणू नका! ज्याला उठून जायचं असेल त्यानं आत्ता उठावं. काय बोलू, असं विचारू नका. सुचेल ते बोला. हवापाण्याचं बोला. आरती चुकली म्हणून कुणी पाप लिहून ठेवणार नाही, आणि प्रसाद मी बाजूला काढून ठेवतो.

दुसऱ्या गावात भरलेल्या खुर्च्या मोजून बुवा खूश होतात. मी आज रिकाम्या मोजणार आहे.

उठा बघू. पहिला कोण?